नाकाबंदीपर्यंत : २६ नोव्हेंबरची रात्र, तासागणिक

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात केडंबे नावाचं गाव आहे. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला, कोकरूड आहे. दोन्ही गावं सह्याद्रीच्या पायथ्याची. पाऊस उदंड आणि शेत जेमतेम, म्हणून या पट्ट्यातली पोरं पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आली. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत, कुणी पलटणीत, कुणी पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला तेव्हा, केडंब्याचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते आणि कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील ताज हॉटेलात शिरले होते. सांगलीचं पोलीस अधीक्षकपद सांभाळलेले अशोक कामटे कामा रुग्णालयाच्या मागे उभे होते.

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण चौकाचौकांत फोटो लावतो, हार घालतो, मेणबत्त्या पेटवतो. त्यात खोटं काही नसतं. पण आभार मानायचे तर कशाबद्दल, हे नीट ठाऊक असावं. कोण कुठे उभा होता, त्याच्या हातात काय होतं, त्याने पुढच्या माणसासाठी काय राखून ठेवलं. त्यासाठी ती रात्र घड्याळ लावून वाचावी लागते.

दिवसभर, अरबी समुद्र

पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट २३ नोव्हेंबरलाच दहा अतिरेक्यांच्या ताब्यात गेली होती. तांडेल अमरसिंह सोळंकी यांच्याकडून त्यांनी मुंबईपर्यंत बोट हाकून घेतली आणि किनारा जवळ आल्यावर त्यांना ठार मारलं. सोळंकी या रात्रीच्या हिशेबात फार कमी वेळा मोजले जातात, म्हणून त्यांचं नाव सुरुवातीलाच घेतो.

मुंबईत कुणाला याचा पत्ता नव्हता. पोलीस ठाण्यांत नेहमीच्या हजेऱ्या झाल्या. मुंबईच्या पोलिसाची ड्युटी तेव्हा बारा तासांची होती, आणि ती बाराला संपेल याची खात्री कुणी देत नसे. आठ तासांच्या पाळीचा पहिला प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात झाला तो २०१६ मध्ये, तोही एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून.

इशारे मात्र आले होते. सप्टेंबरमध्ये इस्लामाबादच्या मॅरियट हॉटेलावर बॉम्बहल्ला झाल्यानंतर ताजची सुरक्षा वाढवण्याबद्दल पोलीस आणि हॉटेल यांच्यात बोलणं झालं होतं. तेव्हा त्या परिमंडळाचे उपायुक्त नांगरे पाटीलच होते. काही उपाय झाले आणि पुढे ते सैलावले.

रात्री साडेआठच्या सुमारास, बधवार पार्क

कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडी लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेली तरुण पोरं उतरली. कोळीवाड्यातल्या लोकांनी त्यांना हटकलं. आम्ही विद्यार्थी आहोत, अशी काहीतरी थाप मारून, थोडी अरेरावी करून ती निघून गेली. खिशात हैदराबादच्या कॉलेजची बनावट ओळखपत्रं होती. दोन-दोनच्या जोड्या टॅक्सी धरून शहरात पांगल्या.

रात्री साडेनऊ ते दहा, कुलाबा आणि सीएसटी

लिओपोल्ड कॅफेत गोळीबार झाला. पाठोपाठ ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाऊस. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात इस्माईल खान आणि अजमल कसाब यांनी बॅगा उघडल्या, हातगोळे फेकले आणि एके-४७ चालवायला सुरुवात केली. गावाकडे निघालेली, सामानावर डोकं टेकून बसलेली माणसं जागच्या जागी पडली. त्या एका स्थानकात पन्नासहून जास्त जीव गेले.

त्यांच्यासमोर जे वर्दीवाले होते, त्यांच्याकडे काठ्या होत्या आणि काहींकडे .३०३ रायफली. ही रायफल दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या बनावटीची. एक गोळी झाडली की खटका मागे ओढून पुढची आत सरकवायची. समोर एका दमात तीस गोळ्या ओकणारं हत्यार. रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे तरी समोर गेले आणि मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली, आणि ती चालेनाशी झाल्यावर हाताला लागलेली खुर्ची अतिरेक्यांच्या दिशेने फेकली. खुर्चीने एके-४७ थांबत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे!

वरच्या कक्षातून विष्णू झेंडे लोकल गाड्यांची घोषणा करत होते. ते पोलीस नव्हते. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना पुढच्या भागाकडे जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या आवाजामुळे लोकलने येणाऱ्या कितीतरी प्रवाशांचे पाय योग्य दिशेला वळले.

रात्री साडेदहा ते अकरा, शहरभर

वाडीबंदर आणि विलेपार्ले इथे दोन टॅक्सींमध्ये स्फोट झाले. अतिरेकी ज्या टॅक्सींनी आले होते त्यांतच त्यांनी बॉम्ब ठेवले होते. हल्लेखोर वीस आहेत की पन्नास, कुणालाच कळेना. नियंत्रण कक्षाचे फोन सतत वाजत होते. वायरलेसवर दर मिनिटाला नव्या ठिकाणाचं नाव येत होतं, आणि त्यांतली काही नावं निव्वळ अफवा होत्या.

या गोंधळात ताजच्या आत नांगरे पाटील आणि उपायुक्त राजवर्धन सिन्हा मोजक्या माणसांना घेऊन वावरत होते. हातात पिस्तुलं. एवढ्या मोठ्या इमारतीत शत्रू कुठल्या मजल्यावर, कुठल्या दाराआड आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हॉटेलचा सीसीटीव्ही कक्ष गाठला. तिथल्या पडद्यांवर अतिरेकी दिसत होते, दारं ठोठावताना, माणसं ओढून नेताना. पाहता येत होतं ते वायरलेसवर सांगत राहायचं आणि कमांडोंची वाट पाहायची.

मला या प्रसंगात वाट पाहण्याचं धैर्य फार मोठं वाटतं. धावून जाणाऱ्याचं शौर्य चटकन डोळ्यांत भरतं. आपल्या बळाचा अंदाज असताना, पडद्यावर माणसं मरताना दिसत असताना, जागा न सोडता माहिती पुरवत राहणं फार अवघड आहे. वारणाकाठच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेला, स्पर्धा परीक्षेतून वर चढलेला पस्तिशीचा अधिकारी त्या कक्षात तासन् तास तेच करत होता.

रात्री अकरा ते पावणेबारा, कामा रुग्णालय

सीएसटीवरून इस्माईल आणि कसाब पादचारी पुलाने पलीकडे उतरले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या इमारतीजवळच्या गल्लीतून कामा रुग्णालयाच्या मागच्या दाराशी आले आणि आत घुसले. हे बायका-मुलांचं रुग्णालय. पहारेकरी बबन उघडे आणि भानू नारकर तिथेच मारले गेले. वरच्या मजल्यावर एका परिचारिकेने बाळंतपणासाठी आलेल्या बायकांना एका खोलीत नेलं, दिवे घालवले आणि दार लावून घेतलं.

अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते हाताशी आली तेवढी माणसं घेऊन जिन्याने वर गेले. अतिरेकी गच्चीवर होते. वरून हातगोळे येत होते, खालून दाते आणि त्यांचे सहकारी गोळ्या झाडत होते. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर यांचा तिथे मृत्यू झाला. हातगोळ्याचे तुकडे अंगात घुसलेले दाते जिना सोडून हलले नाहीत. जवळपास पाऊण तास ती जोडी त्या इमारतीत अडकून पडली. रुग्णालयात त्या वेळी किती बायका आणि किती तान्ही बाळं होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पाऊण तासाची किंमत समजते.

मध्यरात्रीच्या आसपास, रंगभवनची गल्ली

दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर कामाच्या मागच्या बाजूला एकत्र आले. वर दाते जखमी असल्याची खबर होती. तिघेही एका क्वालिस गाडीत बसले. मागे अरुण जाधव, जयवंत पाटील, योगेश पाटील. बाळासाहेब भोसलेही सोबत होते.

कामटे हे नाव सांगलीकरांना नवं नव्हतं. त्यांचे आजोबा ना. मा. कामटे स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पोलीस महानिरीक्षक होते. नातवाने सांगलीत अधीक्षक म्हणून, पुढे सोलापुरात आयुक्त म्हणून कडक अंमल केला. कसलेलं शरीर, व्यायामाची आवड आणि गुंडाच्या मागे स्वतः जायची सवय. त्या रात्री ते मुंबईच्या पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त होते. दक्षिण मुंबई त्यांच्या हद्दीत येत नव्हती. बोलावणं आलं आणि ते आले.

गाडी रंगभवनच्या गल्लीत असताना, कामातून निसटलेल्या इस्माईल आणि कसाब यांनी झुडपांआडून गोळीबार केला. गाडीतून कामटेंच्या एके-४७ ने उत्तर दिलं, आणि त्या चकमकीत कसाबच्या हाताला गोळी लागली. गाडीतल्या सात जणांपैकी सहा जण गेले. अरुण जाधव जखमी होऊन मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली पडले होते. अतिरेक्यांनी पुढच्या अधिकाऱ्यांचे देह रस्त्यावर ओढून काढले आणि तीच क्वालिस घेऊन ते निघाले. मागे एक माणूस जिवंत आहे, हे त्यांना कळलं नाही.

कामटेंच्या पत्नी विनीता कामटे यांनी पुढे माहितीच्या अधिकारात त्या रात्रीच्या वायरलेस संभाषणांच्या नोंदी मिळवल्या. रंगभवनच्या गल्लीत पडलेल्या अधिकाऱ्यांपर्यंत मदत वेळेत का पोहोचली नाही, हा प्रश्न त्यांनी पुस्तक लिहून जाहीरपणे विचारला. शहिदाची पत्नी आहे म्हणून तिने फक्त हार स्वीकारावेत, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. त्यांनी ती पाळली नाही, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचेही आभार मानले पाहिजेत.

रात्री बारा वाजून गेल्यावर, मेट्रो ते नरिमन पॉइंट

मेट्रो सिनेमाच्या चौकात पत्रकार, पोलीस, बघे यांची गर्दी होती. पोलिसांची गाडी येतेय म्हणून कुणी बाजूला झालं नाही. गाडीतून गोळ्या आल्या. पोलीस शिपाई अरुण चित्ते मारले गेले. क्वालिसचा टायर आधीच फुटला होता. नरिमन पॉइंटच्या बाजूला दोघांनी एक चंदेरी स्कोडा अडवली, आतल्यांना उतरवलं आणि ती घेऊन पळाले.

टाकून दिलेल्या क्वालिसमध्ये अरुण जाधव यांनी जखमी अवस्थेत वायरलेस हाती घेतला आणि नियंत्रण कक्षाला कळवलं. साहेब गेले आहेत आणि अतिरेकी पुढे निघाले आहेत, ही खबर सगळ्या नाक्यांवर जायला सुरुवात झाली. पाठोपाठ चंदेरी स्कोडाचा संदेश गेला.

साडेबाराच्या पुढे, गिरगाव चौपाटी

तुकाराम गोपाळ ओंबळे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते. लोकांच्या तोंडी याला सहायक फौजदार म्हणतात. आधी लष्करात सिग्नल कोअरमध्ये नोकरी, तिथून नाईक म्हणून निवृत्ती आणि मग १९९१ मध्ये मुंबई पोलिसात शिपाई. सातारा जिल्ह्यात हा रस्ता मळलेला आहे. पलटणीतून परतायचं आणि पुन्हा वर्दी घालायची. वरळीच्या पोलीस वसाहतीत पत्नी आणि चार मुली.

मरीन ड्राइव्हच्या टोकाला, कॅफे आयडियलजवळच्या सिग्नलला, बॅरिकेड लावून नाकाबंदी झाली होती. अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर, बाकीच्यांकडे काठ्या. ओंबळ्यांच्या हाती वायरलेस सेट आणि काठी. नाकाबंदी हे पोलिसाच्या आयुष्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम. रात्रभर हात दाखवायचा, काचा खाली करायला लावायच्या, कागद बघायचे, वाहनचालकांच्या शिव्या ऐकायच्या. गणपतीत, निवडणुकीत, थर्टी फर्स्टला ते उभे असतात आणि आपण कपाळाला आठ्या घालून पुढे जातो. त्या रात्री त्याच कामाने मुंबईला हवं ते मिळवून दिलं.

स्कोडा आली आणि बॅरिकेडपासून काही अंतरावर थांबली. पोलिसांनी शिट्ट्या मारल्या, पुढचे दिवे बंद करून आतला दिवा लावायला सांगितलं. चालकाने दिवे तसेच ठेवले आणि काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले, म्हणजे आतलं दिसू नये. मग त्याने गाडी झटक्यात वळवली, ती दुभाजकावर चढली आणि अडकली.

पुढचं सगळं काही क्षणांत झालं. चालवणारा इस्माईल गोळ्या झाडू लागला, आणि हेमंत बावधनकर, भास्कर कदम या अधिकाऱ्यांनी त्याला टिपलं. डाव्या दाराने कसाब बाहेर पडला. शरण येतोय असं क्षणभर वाटलं. पण त्याच्या हातात एके-४७ होती. ओंबळे आणि संजय गोविलकर त्याच्याकडे धावले. ओंबळ्यांनी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी धरली. कसाबने चाप ओढला, गोळ्या ओंबळ्यांच्या शरीरात गेल्या आणि गोविलकरांनाही एक लागली. नळी मात्र ओंबळ्यांच्या हातून सुटली नाही. मागच्या सहकाऱ्यांकडे वळायला त्या बंदुकीला जागाच उरली नाही. तेवढ्या अवधीत बाकीचे शिपाई काठ्या घेऊन कसाबवर तुटून पडले आणि बंदूक हिसकावून घेतली.

त्या वेळी त्याला गोळी घालावी असं कुणालाही वाटलं असतं. सहकारी डोळ्यांसमोर कोसळलेला, सगळ्या शहराला आग लागलेली. तरी चौपाटीवरच्या पोलिसांनी कसाबला जिवंत पकडलं. मला वाटतं, ओंबळ्यांच्या हौतात्म्याइतकंच हे संयमाचं काम मोठं आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

दहा अतिरेक्यांपैकी हा एकच जिवंत हाती आला. नायर रुग्णालयात त्याच रात्री त्याची पहिली चौकशी झाली. पाकिस्तानच्या पंजाबातलं फरीदकोट, प्रशिक्षणाचे तळ, समुद्राचा मार्ग, पाठवणारे हात, सगळं बोलण्यात येऊ लागलं. तो मेला असता, तर खिशातल्या हैदराबादच्या ओळखपत्राला उत्तर द्यायला कुणी उरलं नसतं, आणि त्या खोट्या नावावरून या देशात किती घरं जळाली असती याची कल्पना करवत नाही. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानलाही तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं.

पहाटे, ताज

नौदलाचे मार्कोस रात्री उशिरा पोहोचले. त्यांची संख्याही थोडीच होती. ताजमध्ये आग भडकली होती आणि सीसीटीव्ही कक्षात राहणं अशक्य झालं. नांगरे पाटील आणि सोबतचे पोलीस गोळीबारातून बाहेर पडले. बाहेर पडताना राज्य राखीव दलाचा जवान राहुल शिंदे मारला गेला. तो सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा.

राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान दिल्लीहून येऊन कामाला लागेपर्यंत २७ तारखेची सकाळ उजाडली. ताजमधली शेवटची चकमक २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपली. एकूण १६६ जण गेले होते.

त्यानंतर

राम प्रधान समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. जलद प्रतिसाद पथकाला सरावासाठी पुरेशी काडतुसं मिळत नव्हती, ठरलेली कार्यपद्धती त्या रात्री पाळली गेली नाही, अशा गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. सीएसटीवरच्या .३०३ रायफली आणि चौपाटीवरच्या काठ्या आठवून हा अहवाल वाचला की मान खाली जाते. हे लोक साधनांशिवाय लढले, याचा अभिमान पोलिसांनी खुशाल बाळगावा. आपण, कर भरणाऱ्यांनी आणि मत देणाऱ्यांनी, तो बाळगू नये.

२६ जानेवारी २००९ रोजी करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान झालं. तीन बडे अधिकारी आणि एक सहायक फौजदार, एकाच यादीत, एकाच मानाने. कसाबचा खटला आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात चालला. सहाशेहून अधिक साक्षीदार झाले, त्याला वकील दिला गेला, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय दोन्हीकडे ती कायम झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अंमलात आली.

गिरगाव चौपाटीवर ओंबळ्यांचा पुतळा उभा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात कोळ्याची एक नवी प्रजाती सापडली, तिला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. जगाच्या पाठीवर कुठेही तो कोळी अभ्यासला गेला, तरी केडंब्याच्या माणसाचं नाव घ्यावंच लागेल. गावातल्या स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये सुमारे साडेतेरा कोटी रुपये मंजूर केले. सोळा वर्षं लागली.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याशी लढताना केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, त्यांच्या आठवणीचा. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पोलीस मुख्यालयांत त्या सकाळी मानवंदना होते, वर्षभरात देशात कामावर मरण आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. वाचन लांबतं. समोर बहुतेक पोलीस आणि त्यांचे नातेवाईकच असतात. शहरातल्या शाळांनी, गणेश मंडळांनी, व्यापारी संघटनांनी त्या मैदानावर यावं, एवढी साधी गोष्ट अजून व्हायची आहे. आणि लोणंद-फलटणच्या वाटेवर पालखीच्या बंदोबस्तात दिवसभर उन्हापावसात उभ्या असलेल्या शिपायाला पाणी विचारायला कुठल्याही स्मारकाच्या निधीची गरज नाही.

हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणलेलं विमान १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत उतरलं. राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला ताब्यात घेतलं. त्या यंत्रणेचे महासंचालक तेव्हा सदानंद दाते होते.